न्हाव्याच्या दुकानातली पायपेटी

मी एक जुनी पायपेटी आहे. मित्रांनो, पायाने भाता हलवायचा आणि दोन्ही हातांनी सूर धरायचे, अशी पेटी आता फारशी कुणाच्या पाहण्यात नसते. एका म्हाताऱ्या सुताराने मला सागवानात घडवले. त्याच्या लेकीचे लग्न एका तरुण पाळकाशी ठरले होते आणि ती लगेच परदेशी जाणार होती. "करमलं नाही की वाजव," एवढेच तो तिला म्हणाला, आणि माझ्या झाकणावरून उगाचच फडके फिरवत राहिला.

पाळक ख्रिस्ताची सुवार्ता सांगायला निघाले होते. समुद्रापलीकडच्या एका गावात न्हाव्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या त्यांना भाड्याने मिळाल्या. पुढच्या खोलीत उपासना, मागच्या खोलीत संसार. छत इतके बुटके की प्रार्थनेला उभे राहिले की पाळकांचे डोके तुळईला लागे. पहिले काही रविवार खोली गच्च भरली. लोक मला बघायला येत. पाळकांना वाटे, प्रवचन ऐकायला येतात. नव्याची नवलाई सरली आणि बाके रिकामी पडू लागली.

पाळक तिथली भाषा पुस्तकातून शिकले. त्यांची बायको, म्हणजे माझ्या बाई, जिन्यात शिकल्या, न्हाव्याच्या बायकोशेजारी भाजी निवडत. एकदा त्यांना म्हणायचे होते, तुझा नवरा दयाळू आहे. तोंडून निघाले, टकला आहे. न्हावी खरोखरच टकला होता. दोघी पोट धरून हसल्या. त्याच जिन्यात बाईंना कळले, की इथली माणसे तोंडावर नाही म्हणत नाहीत. नको असले की 'नक्की या' म्हणतात. त्यांनी हे पाळकांच्या कानावर घातले. जिन्यातल्या गप्पांवर देवाचे काम चालत नाही, असे म्हणून त्यांनी ते उडवून लावले.

एका थंडीत बाईंना ताप भरला. डोंगरापलीकडच्या वस्तीने पाळकांना सांगितले होते, नक्की या. ते निघाले.

"ती माणसं वाट बघत नसतील हो," बाई अंथरुणातून म्हणाल्या.

"दोन दिवसांत येतो," म्हणत पाळक जिना उतरले.

वस्तीवर त्यांना एकही दार उघडे मिळाले नाही. परतताना अवकाळी पावसाने नदीवरचा पूल पाण्याखाली गेला आणि ते पलीकडेच अडकले. इकडे न्हाव्याची बायको बाईंच्या उशाशी बसून होती. शेवटच्या दुपारी बाईंनी तिला मला वाजवायला सांगितले. तिला कुठे येत होते? तिने एक पट्टी दाबून धरली आणि भाता हलवत राहिली. तो एकच सूर ऐकत बाई गेल्या.

पाळक पोहोचले तेव्हा दफन होऊन गेले होते. संध्याकाळी सगळी गल्ली वर आली आणि भिंतीला टेकून बसली. कुणीच बोलेना. पाळकांना ती शांतता सोसेना. त्यांनी पवित्र शास्त्र उघडले आणि तसेच मिटले. मग ते माझ्याकडे वळले, तेव्हा न्हाव्याच्या बायकोने झाकणावर हात ठेवला.

"आता काही वाजवू नका, सांगूही नका. आम्ही बसलोय ना."

पाळक त्यांच्यात जमिनीवर बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, "माझं नाव काढलं होतं का तिनं?"

"रोज. आले का, म्हणून विचारायच्या."

पुढे मिशनने पाळकांना परत बोलावले. त्यांनी सामान बांधले, पण मला हात लावणे काही त्यांच्याने झाले नाही. मी खाली दुकानात आले. आता माझ्यावर ओले टॉवेल वाळतात. भाता उंदरांनी कुरतडला आहे. पट्टी दाबली तर नुसता लाकडाचा खटका वाजतो.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, असे मी सांगायला हवे. पण माझे राहू द्या. तुमच्या घरातले कुणी हळू आवाजात काही सांगत असेल, तर तेवढे मात्र थांबून ऐका. पाळक ऐकायला बसले, तेव्हा सांगणारी उरली नव्हती.