घरची भाषा

धनलक्ष्मीने दार उघडून धरलं, तरी गिरीराज खुर्चीतून उठेना.

"बाहेर बसा. मला सौम्याशी एकटीशी बोलायचंय."

"अक्का, आपण आपलीच माणसं ना?" तो हसला. "आमचं घराणं या कन्नड मुलखात येऊन साडेतीनशे वर्षं झाली, पण घरात अजून मराठीच. ही स्वल्प हट्टी आहे. तुम्ही समजावा, सरी होईल, ठीक होईल सगळं."

"बघते मी. तुम्ही आधी बाहेर बसा."

तो गेला, पण दाराला लागून असलेल्या बाकावरच बसला. धनलक्ष्मीने दार लावून घेतलं.

राजाजीनगरच्या या समुपदेशन केंद्रात सौम्या तिसऱ्यांदा आली होती. आधी दोनदा, नवरा शेजारी बसलेला असताना, एक अक्षर न बोलता घरी परत गेली होती. आज दवाखान्याने पाठवलं होतं: उजव्या कानाचा पडदा फाटलाय, बाई म्हणते मोरीत पडले. बोलली, तर संध्याकाळपर्यंत तिची आश्रयगृहात सोय झाली असती. नाही बोलली, तर बाहेर नवरा बसलाच होता. म्हणून आज कन्नड सहकारी भाग्यम्माच्या वाट्याला आलेली ही केस धनलक्ष्मीने सकाळीच मागून घेतली होती. आपल्या भाषेत बाई मोकळी होते, हा निपाणीच्या धनलक्ष्मीचा अकरा वर्षांचा अनुभव, आणि थोडा तोराही.

सौम्या डावा कान पुढे करून बसली होती. मग तिने उजव्या कानावर धरलेला पदर सोडला, ओठ उघडले.

"बोला की वहिनी," धनलक्ष्मी म्हणाली. "घाबरायचं काय त्यात?"

सौम्याने पदर पुन्हा कानावर ओढला.

"काही नाही. मोरीत पाय घसरला."

धनलक्ष्मीने जीभ चावली. तिच्या गावाकडे कुणी अक्का म्हटलं की त्याची बायको आपोआप वहिनी होते. त्याचा कुणी विचारही करत नाही. तिनेही केला नव्हता. बसल्या बसल्या ती गिरीराजची बहीण होऊन बसली होती. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"सौम्या, मी त्यांची कुणी नाही," ती म्हणाली. "चुकलं माझं."

सौम्या दाराकडे बघून अगदी हळू म्हणाली,

"मराठीत मला नाही जमणार, मॅडम. सासरे मराठीत समजावतात, नणंदा मराठीत समजावतात. हे मारतात, मग शेजारी बसून मराठीतच समजावतात. आत्ता तुम्ही म्हणालात ना, तेवढंच येतं मला मराठीत. चुकलं माझं. शाळा माझी कन्नडमध्ये झाली. कन्नडवाल्या कुणी आहेत?"

"कन्नड मलाही येतं."

"येत असेल. पण तुम्ही बोलायला लागलात की मला घरचेच दिसतात."

धनलक्ष्मीला हे लागलं. चांगलंच लागलं. अकरा वर्षांत तिला कुणी असं उठवलं नव्हतं. तिने कागद गोळा केले, शेजारच्या खोलीतून भाग्यम्माला बोलावून आणलं, आपली खुर्ची तिला दिली आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं.

गिरीराज लगेच उठला.

"काय म्हणाली, अक्का? आपल्यातल्या आपल्यात सांगा."

"कूत्कोळ्ळी, सर," धनलक्ष्मी त्याला बसायला सांगत कन्नडमध्ये म्हणाली.

तो बसला नाही. हसू मात्र गेलं. कन्नड त्याला काही परकं नव्हतं, दिवसभर दुकानात तो तेच बोलायचा.

"अक्का, मी मराठीत विचारतोय."

ती दाराला पाठ लावून उभी राहिली. आत सौम्या बोलायला लागली होती. लाकडातून शब्द कळत नव्हते, पण आवाज कुठे अडखळत नव्हता आणि हळूहळू चढत होता.

"काय सांगतेय ती?" गिरीराजने विचारलं. या खेपेला कन्नडमध्ये.