फॉस्फेटची उडी

मी पेप्टाइड बोलतोय. नाव ऐकून दचकू नका. प्रथिनं तुमच्या ओळखीची आहेत ना, त्यांचाच मी एक छोटा तुकडा. अमिनो आम्लांचे मणी एकापुढे एक ओवले की माझ्यासारखी माळ तयार होते. तुम्हाला मात्र बाटलीच्या तळाशी चिमूटभर पांढरी पूड तेवढी दिसेल. तिच्यात माझे असंख्य जुळे भाऊ आहेत, पण बोलका मी एकटाच.

मला घडवलं एका संशोधक मुलीने. काम करताना ती सतत स्वतःशी बडबडायची, म्हणून प्रयोगशाळेत सगळे तिला चिमणी म्हणत. एक मणी जोडायचा, स्वच्छ धुवायचं, मग पुढचा. टायरोसिन नावाच्या मण्यावर तिने फॉस्फेट बसवलं. काय रुबाब आला मला! जरा पलीकडे सेरीन नावाचा मणी होता, तो बिचारा रिकाम्या हाताने बसला होता.

शरीरात फॉस्फेट कोणत्या मण्यावर बसलंय यावर प्रथिनाचं वागणं ठरतं. ते रेणूंचं वजन करणाऱ्या मशीनवर ओळखायची सोपी खूण चिमणीला सिद्ध करायची होती. माळेला ऋण प्रभार देऊन हवेत उडवायचं, वायूवर आपटून फोडायचं आणि तुकडे तोलायचे. फॉस्फेट टायरोसिनवर असेल तर हलका तुकडा निघतो. सेरीनवर असेल तर जोडीला त्याहून एका पाण्याच्या रेणूइतका जड तुकडाही. प्रबंध यावरच उभा होता. नोकरी ठरलेली होती, पण प्रबंध दिल्यावरच रुजू होता येणार होतं. आईचा रोज फोन यायचा आणि चिमणी रोज सांगायची, झालंच आता.

मशीनच्या खोलीत कायम गारठा. मशीन सांभाळणारे काका तिथे बारा महिने स्वेटर घालून बसत. त्यांनी माझे थोडे भाऊ द्रावणातून मशीनच्या सुईत सोडले. पडद्यावर हलका तुकडा आला, आणि त्याच्या शेजारी जड तुकडाही आला, त्याची रेघ चांगली उंचच्या उंच. काका चष्मा पुसून म्हणाले, फॉस्फेट सेरीनवर दिसतंय.

चिमणीचा चेहरा पडला. आपण चुकीच्या मण्यावर फॉस्फेट बसवलं, सगळं मुसळ केरात, असं तिने धरूनच टाकलं. मला घेऊन ती थेट कचऱ्याच्या डब्यापाशी गेली. माझा जीव टांगणीला लागला. अगं, फॉस्फेट आहे तिथेच आहे, मी घसा फोडून सांगत होतो. पण पुडीचा आवाज कुणाला ऐकू जातो?

तेवढ्यात तिच्या मार्गदर्शक मॅडम आल्या. त्यांनी बाटली तिच्या हातातून काढून घेतली आणि माळ कशी ओवली ते पहिल्यापासून विचारलं. कुठेच चूक सापडेना.

"मग चुकलीस कुठे, चिमणे?" मॅडम म्हणाल्या. "तू ते टायरोसिनवर बसवलंस. पण उडतानाही ते तिथेच बसून राहिलं, हे कुणी पाहिलंय?"

चिमणी पुन्हा कामाला लागली. तिने माझा एक सावत्र भाऊ घडवला. बाकी सगळं माझ्यासारखं, फक्त सेरीनच्या जागी ॲलानिन, ज्याला फॉस्फेट पकडायला हातच नाही. त्याला उडवलं तेव्हा जड तुकडा जवळजवळ गायब झाला. तेव्हा उलगडा झाला. हवेत माळ वळते, सेरीन टायरोसिनच्या जवळ येतो आणि फुटण्याआधी फॉस्फेट टुणकन त्याच्याकडे उडी मारतं. मलाही हे तेव्हाच समजलं, कारण मशीनमध्ये गेलेले भाऊ परत येऊन काही सांगत नाहीत.

नुसत्या जड तुकड्यावरून सेरीनचं नाव घेऊ नये, असं मग प्रबंधात आलं. सोपी खूण गेली, पण परीक्षकांना नेमकं तेच आवडलं. जायच्या दिवशी चिमणीने मला उजेडात धरलं.

"चुकलो नव्हतो रे आपण," ती म्हणाली आणि चक्क रडली. मलाही भरून आलं.

आता मी फ्रीजरमध्ये मजेत आहे. नवीन मुलं आली की मॅडम आधी मलाच मशीनवर लावायला सांगतात. मुलं सेरीन म्हणून मोकळी होतात आणि काका स्वेटरमध्ये तोंड लपवून हसतात. दर वेळी मी थोडा कमी होतो, त्याचं दुःख नाही. एवढंच मागणं आहे, मशीनने भलतंच काही दाखवलं तर जिने माळ ओवली तिला आधी विचारा आणि मगच डब्याचं झाकण उघडा.