उत्तर पुरं होईपर्यंत

दोघा भावांच्या दुकानात लोक केस कापायला यायचे हे खरं, पण केस काय, चार दुकानं पलीकडेही कापून मिळायचे. इथं यायचे ते शेवटच्या त्या एका गोष्टीसाठी. थोरला गिऱ्हाइकाच्या अंगावरचा कपडा झटकायचा, एक तळवा हनुवटीखाली घालायचा, दुसरा डोक्यामागे, आणि आरशातून विचारायचा, "काय, घरी सगळे बरे?" गिऱ्हाईक "हो, बरे आ..." एवढं म्हणेपर्यंत कडकन आवाज यायचा. मान मोडून झालेली असायची. प्रश्न विचारायचा तो मान सैल पडावी म्हणून. बोलणारा माणूस मान ताठ धरत नाही, ही वडिलांची शिकवण. उत्तराशी कुणाला देणंघेणं नव्हतं. त्या खुर्चीत वर्षानुवर्षं बसणाऱ्या एकाच्याही घरचं काय चाललंय ते थोरल्याला ठाऊक नव्हतं.

दुकान बंद करताना दोघे एकमेकांची मान मोडायचे. दिवसभर दुसऱ्यांच्या डोक्यांवर वाकून स्वतःच्या मानेचा दगड झालेला असायचा. आधी थोरला बसायचा, मग धाकटा. त्या संध्याकाळी धाकटा बसला, थोरल्यानं नेहमीसारखं विचारलं, "उद्या दुकान कोण उघडणार?" आणि धाकट्यानं तोंड उघडलं तोच झटका दिला. आवाज नेहमीचाच आला. पण त्याबरोबर खांद्यापासून अंगठ्यापर्यंत एक कळ गेली आणि धाकट्याच्या हातातला कंगवा खाली पडला.

"लागलं का रे?" थोरला म्हणाला.

"नाही," धाकटा म्हणाला. कंगवा उचलायला वाकला, तर बोटांना तो कळेचना.

सकाळी उठला तेव्हा उजवा अंगठा आणि शेजारचं बोट बधिर होतं. हाताला मुंग्या कुणाला येत नाहीत? येतात आणि जातात. ह्या मात्र घर करून राहिल्या. चहाचा कप उचलला तो गरम आहे की गार, हे त्याला ओठाला लागल्यावर समजलं.

दवाखान्यात थोरलाच घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी मानेचा एमआरआयचा फोटो उजेडासमोर धरला आणि सांगितलं, मानेच्या दोन मणक्यांमधली गादी सरकून शिरेवर आली आहे. आज ऑपरेशनची गरज नाही. काही दिवस पट्टा, मग व्यायाम, वजन उचलायचं नाही. पाय लटपटले किंवा लघवीचा ताबा गेला तर मात्र घरी थांबायचं नाही, तडक यायचं. मग त्यांनी विचारलं, "पडलात का? कुणी मान ओढली, मुरगाळली?"

थोरला पाठीमागे उभा होता. ह्या खोलीत आरसा नव्हता, त्यामुळे त्याचं तोंड धाकट्याला दिसेना. भावाचं तोंड आरशाशिवाय बघायची त्याला सवयच राहिली नव्हती.

"नाही," धाकटा म्हणाला. "झोपेत उशी वाकडी झाली असेल."

बाईंनी धंदा काय ते विचारलं, आणि मग दोघांकडे बघून म्हणाल्या, "मान मोडून घेऊ नका आणि कुणाची मोडूही नका. रोज काही होत नाही, आणि एक दिवस होतं. मानेतून मेंदूकडे रक्त जातं. त्या एका झटक्यानं अर्धं अंग लुळं पडलेला माणूस मी पाहिलाय." थोरल्यानं शहाण्यासारखी मान डोलावली. रस्त्यावर आल्यावर म्हणाला, "डॉक्टरांना काय, सगळ्यातच धोका दिसतो. तू ती उशी बदल आधी."

बुडत्याला काडीचा आधार असतो म्हणतात, थोरल्याला उशीचा मिळाला. येईल त्या गिऱ्हाइकाला तो सांगू लागला, "धाकट्याचं ना? अहो, उशीनं घात केला." मग गिऱ्हाईक आपल्या उशीबद्दल बोलायचं, कापसाची बरी की फोमची बरी, आणि ते बोलत असतानाच कडकन.

धाकटा गळ्याला पट्टा लावून बाकावर बसलेला असायचा. घरी वेळ जात नाही म्हणून यायचा. तो आवाज ऐकायचा आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचा. पट्ट्यामुळे खाली बघता येत नव्हतं, मग दुसरं बघायचं काय? राग यायला हवा होता, हे त्याला समजत होतं. येत नव्हता. पडलेल्या दाताच्या जागी जीभ जाते तसं त्याचं मन तिथं जाऊन यायचं, आणि तिथं काही नसायचं.

बायकोला मात्र राग दोघांच्या वाटणीचा आला होता. ती म्हणाली, "तुम्ही भाऊजींना वाचवलंत, बरं केलंत. आता त्या खुर्चीत बसणाऱ्याला कोण वाचवणार?"

"आधी माझ्या हाताचं तर बघू."

"हाताचंच बघतेय. हात आज ना उद्या चालेल. तोंड कधी चालणार?"

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं तसं हनुवटी आत ओढून, खांदे मागे घेऊन तो भिंतीला टेकून उभा राहिला. बायको शिवणाच्या डब्यातली बटणं वाटीत ओतून द्यायची. त्यानं ती न बघता अंगठ्यानं आणि बोटानं एकेक उचलायची. सुरुवातीला बटण आणि नख यांतला फरकही त्याला कळत नव्हता. सगळी बटणं जमिनीवर जायची आणि ती बिचारी पलंगाखाली शिरून गोळा करायची.

पण बटणांवर पोट भरत नाही. खरा प्रश्न वस्तऱ्याचा होता. कात्री एकवेळ डोळ्यांनी चालवता येते, वस्तरा बोटांनीच चालवावा लागतो. किती दाबलं ते अंगठा सांगतो, आणि अंगठा तर मुका. दुसऱ्याच्या गळ्यावर धार धरायची आणि हाताला पत्ता नाही, असला न्हावी कुणाला हवा? तेव्हा पुन्हा श्रीगणेशा. धंद्यात नवा आलेला शिकतो तसा फुगा फुगवायचा, त्याला साबणाचा फेस लावायचा, आणि फुगा न फोडता तो वस्तऱ्यानं काढायचा. धाकटा हे अगदी लहानपणी शिकला होता.

फुगे फुटत राहिले. भिंतीवर फेस, आरशावर फेस, बायकोच्या चष्म्यावर फेस. ती म्हणाली, "शेजारीण विचारत होती, तुमच्याकडे रोज कुणाचा वाढदिवस असतो?" तो हसला नाही. फुगा फुटला की ती दरवेळी दचकायची, तो दचकायचाही नाही. चिंध्या गोळा करायचा आणि दुसरा फुगा मागायचा. मग एक दिवस फुगा शाबूत राहिला. दोघं बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. बायकोनं तो खिडकीच्या कडीला बांधला, आणि डोळे पुसून स्वयंपाकाला लागली. धाकट्याला वाटलं, आपल्यालाही काहीतरी वाटायला हवं.

पट्टा सुटला होता. अर्धा दिवस काम करायला डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली. धाकटा दुकानात गेला, कपडा झटकला, खुर्चीमागे उभा राहिला. गिऱ्हाइकं आली. पण माणसं शहाणी असतात, आणि गळ्याच्या बाबतीत तर फारच. "मी थांबतो, मला घाई नाही," एक म्हणाला. दुसऱ्याला अचानक फोन करायचा होता. तिसरा सरळ थोरल्याच्या खुर्चीकडे बघत बसला. धाकटा वस्तरा पुसत राहिला. नंतर आरसा पुसायला घेतला, मग बाटल्या पुसल्या.

दुपारी दुकान रिकामं झालं तेव्हा थोरला उठला आणि धाकट्याच्या खुर्चीत येऊन बसला. डोकं मागे टेकवलं.

"दाढी वाढलीय," तो म्हणाला.

"दादा, अजून अंगठ्याला नीट कळत नाही."

"फुग्याचं ऐकलं मी."

"कुणी सांगितलं?"

"तुझ्या बायकोनं. काल घरी आली होती. अजूनही बरंच सांगितलं." एवढं बोलून त्यानं डोळे मिटले.

धाकट्यानं फेस लावला. वस्तरा उघडला. थोरल्याच्या गळ्याची गाठ एकदा वर गेली, खाली आली. अंगठा काही सांगत नव्हता, म्हणून धाकटा डोळ्यांनी बघत आणि कानांनी ऐकत चालला. खरखर नीट येत होती. जबड्याच्या कोपऱ्यावर मात्र हात जरा जास्त टेकला आणि फेसात लाल रेघ उमटली.

"लागलं का?" धाकटा म्हणाला.

"नाही," थोरला म्हणाला.

दाढी झाली. टॉवेल खांद्यावर होता, पण हात सवयीनं आपल्या जागी गेले, एक तळवा हनुवटीखाली, एक डोक्यामागे. थोरल्यालाही ते समजलं. त्यानं मान सैल सोडली. पार सोडली, डोक्याचा सगळा भार भावाच्या हातांत देऊन टाकला, आणि वाट बघत बसला.

एक झटका. कुणाला शंकाही आली नसती, उशी होतीच सांगायला. धाकट्याचं मन त्या रिकाम्या जागी पुन्हा जाऊन आलं. राग नव्हताच. पण हे एवढं जड डोकं आपल्या हातांत आहे, आणि त्यातल्या एका हाताला धड शुद्ध नाही, ह्याची त्याला भीती वाटली. इतक्या महिन्यांत त्याला वाटलेली ती पहिली गोष्ट होती.

"उद्या दुकान कोण उघडणार?" त्यानं विचारलं.

थोरल्याचे ओठ हलले. "तू," तो म्हणाला, आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

काही झालं नाही. थोड्या वेळानं त्यानं डोळे उघडले. दोघांनी आरशात एकमेकांकडे पाहिलं.

"मोड की," थोरला म्हणाला.

"नाही."

"उशी नव्हती रे ती."

"माहीत आहे," धाकटा म्हणाला, आणि भावाच्या कानामागचा साबण पुसला.

संध्याकाळी एक जुनं गिऱ्हाईक आलं. थोरल्यानं त्याचे केस कापले, कपडा झटकला, हात हनुवटीखाली गेला. "काय, घरी सगळे बरे?" जिभेची सवय, ती काही एका दिवसात जात नाही. गिऱ्हाईक "हो, बरे आ..." म्हणून सवयीनं थांबलं आणि खुर्चीचे हात घट्ट धरून बसलं. थोरल्यानं हात काढून घेतले. तो तसाच पुढच्या शब्दाची वाट बघत उभा राहिला. गिऱ्हाइकानं आरशातून आधी त्याच्याकडे पाहिलं, मग धाकट्याकडे.

"तसे बरे आहेत," ते चाचरत म्हणालं. "म्हणजे, आई गेली मागच्या महिन्यात. तुम्हाला बोललो नव्हतो मी."

"नाही बोललात," थोरला म्हणाला. "सांगा."

धाकट्यानं बाकाजवळचं स्टूल ओढून थोरल्याजवळ सरकवलं. थोरला बसला आणि ऐकू लागला.