फूटपट्टीची शिफारस

मेल दोघांनाही एकाच दुपारी आली. त्याला प्रवेश मिळाला आणि मला प्रतीक्षा यादी मिळाली. यादीत माझा नंबर पहिला होता, म्हणजे कुणी एकानं जागा सोडली की मी आत. बिझनेस स्कूलवाल्यांनी हे इतक्या गोड भाषेत कळवलं होतं, की वाचताना आधी मला अभिनंदनच वाटलं.

तो म्हणजे आमच्या ऑफिसातला फूटपट्टी. आमची कंपनी लिफ्टची देखभाल करते. मी तक्रारी घेते आणि मेकॅनिक पाठवते, तो लिफ्ट तपासून दाखले देतो. अंगानं सडपातळ, चालणं सरळ, आणि डोकं मिलिमीटरमध्ये चालतं, म्हणून फूटपट्टी. माझा मित्र होता. मेल येईपर्यंत तरी होता.

तळपायाची आग मस्तकात जायला कारण होतं. प्रवेशासाठी वरिष्ठांचं शिफारसपत्र लागतं. आमचे साहेब अशा वेळी एकच वाक्य बोलतात, "तुम्हीच लिहून आणा, मी सही करतो." फूटपट्टी माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. "माझं तूच लिही ना. मी लिहिलं तर तपासणीचा अहवाल होईल."

आणि मी मूर्ख, मन लावून लिहिलं. साहेबांच्या मेहुण्याच्या इमारतीतली लिफ्ट ब्रेकच्या चाचणीत नापास झाली, तेव्हा यानं तिला सील ठोकलं आणि मेहुणा नऊ दिवस सातव्या मजल्यापर्यंत पायी चढला, तो प्रसंग घातला. 'नियमाला हा अपवाद करत नाही, मैत्रीखातरसुद्धा नाही,' असं लिहिलं. ते तर स्वानुभवाचं होतं. हजेरी त्याच्याकडे असताना मला चार मिनिटं उशीर झाला, तर पठ्ठ्यानं माझी अर्धी रजा लावली होती, तीही मीच आणलेला चहा पीत. 'वाचल्याशिवाय कशावरही सही करत नाही' हे लिहिताना मला साहेब आठवले आणि मी एकटीच हसले.

मग स्वतःचं पत्र लिहायला बसले, तर लाज आडवी आली. आपल्याच तोंडानं आपलं कौतुक किती करायचं? 'मेहनती, वक्तशीर, मनमिळाऊ.' ही शिफारस साहेबांच्या कुत्र्यालाही चालली असती.

फूटपट्टीनं चॉकलेटं वाटली. सगळ्यांना एकेक, मला दोन. "तुझंही होईल गं," म्हणाला. "कुणीतरी जागा सोडतंच."

कुणीतरी कशाला, मी मनात म्हटलं. तूच सोडशील. माझ्या शब्दांवर चढून वर गेलास ना, आता मीच खाली उतरवते तुला.

घरी आईला यादी समजावून सांगितली. ती म्हणाली, "म्हणजे पानावर बसवलंय, पण वाढत नाहीयेत." मी म्हटलं, "दुसऱ्याच्या पानातलं ओढून घेणार आहे." तिला थट्टा वाटली.

संधी आपण होऊन चालत आली. साहेबांची मुख्य कार्यालयात बदली झाली. दोन आठवड्यांत निघायचं होतं आणि जाण्याआधी नवा शाखाप्रमुख सुचवायचा होता. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "तुझं नाव देतोय. चालेल ना?"

चार वर्षं या वाक्याची वाट पाहिली होती. तरी म्हटलं, "साहेब, माझ्यापेक्षा लायक माणूस आहे. तुम्हीच तसं लिहिलंय." आणि फूटपट्टीच्या पत्राची प्रत पुढे ठेवली.

साहेबांनी चष्मा लावून ते पहिल्यांदाच वाचलं. "हे मी लिहिलंय?"

"सही तुमचीच आहे."

मेहुण्याच्या परिच्छेदावर ते बराच वेळ थांबले. "त्या नऊ दिवसांत मेहुणा माझ्याशी बोलला नाही," ते हळूच म्हणाले. "फार बरे दिवस होते." त्यांनी लगेच फोन उचलला.

आईला कळलं तेव्हा ती कपाळावर हात मारून म्हणाली, "हातचं सोडून पळत्याच्या मागे कशाला गं लागतेस?" मी ऐकून सोडून दिलं.

फूटपट्टीनं पद घेतलं आणि प्रवेश सोडला. "दोन वर्षं शिकून जे मिळवायचं, ते इथंच मिळालं," म्हणाला. मग त्याचे डोळे भरून आले. "साहेबांनी सांगितलं मला. माझ्यासाठी तू स्वतःचं नाव मागे घेतलंस." मला तसूभर लाज वाटली नाही. खरं सांगायचं तर मजा आली. काट्यानं काटा काढला होता आणि वर आभारही मिळत होते.

साहेब गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी मेल आली. जागा माझी. वर्ग पाच आठवड्यांत सुरू, येताना कंपनीचं कार्यमुक्तीचं पत्र आणावं. नियमानं नोटीस तीन महिन्यांची होती, पण आमच्याकडे ती कुणी कधी भरली नव्हती. राजीनामा द्यायचा, केबिनमध्ये चहा प्यायचा, आठवड्यात मोकळं. मी राजीनामा लिहिला आणि त्याच सवयीनं केबिनचं दार ढकललं.

खुर्चीत फूटपट्टी होता. सुडाच्या नादात हा एवढा साधा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता.

त्यानं राजीनामा दोनदा वाचला. "छान झालं," म्हणाला, आणि ते मनापासून होतं. मग कॅलेंडर उलटलं. "तीन महिने म्हणजे तुझी सुटका बारा तारखेला."

"वर्ग पाच आठवड्यांत सुरू होतात."

"माहीत आहे. म्हणून तर मी अर्ज भरला त्याच दिवशी नोटीस देऊन ठेवली होती."

"साहेब सगळ्यांना सोडायचे."

"साहेब न वाचता सही करायचे."

"अरे, मी मैत्रीण आहे तुझी!"

त्याचा चेहरा पडला. त्यानं ड्रॉवर उघडून ते पत्र काढलं. लॅमिनेट केलेलं होतं. एका ओळीवर बोट ठेवून ते त्यानं माझ्याकडे वळवलं. 'मैत्रीखातरसुद्धा नाही.' "माझ्याबद्दल इतकं चांगलं कुणीच लिहिलं नव्हतं," तो म्हणाला. "या वाक्यामुळे मी इथं बसलोय. पहिल्याच दिवशी ते खोटं पाडू?"

तो सूड घेत असता, तर मी भांडले असते, केबिन डोक्यावर घेतली असती. पण हा माणूस माझ्या शब्दाला जागत होता. मला रागानं रडू आलं आणि नेमका कुणाचा राग, तेही नीट सांगता येईना. माझी जागा यादीतल्या दुसऱ्या नंबराला जाणार होती, आणि त्या अनोळखी माणसानं मला न बघताच हरवलं होतं.

फूटपट्टीनं पाण्याचा ग्लास पुढे केला. "पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज कर. शिफारसपत्र मी देतो."

"तुला कुठं लिहिता येतं?"

"तूच लिहून आण, मी सही करतो." मग जरा थांबून तो म्हणाला, "पण मी वाचल्याशिवाय—"

"माहीत आहे," मी म्हटलं. "तेही मीच लिहिलंय."