पुजलेली मॅट

"आता गावातली एकही पोर खेळापासून वंचित राहणार नाही," सरपंच उकंडरावांनी जाहीर केलं. मग क्रीडानिधीतून आलेल्या कबड्डीच्या मॅटवर हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि पुजलेल्या वस्तूला पाय लावायचा नाही म्हणून सगळ्या पोरींना समाजमंदिराबाहेर काढलं.

रुपालीचा जीव थाऱ्यावर नव्हता. परवा खामगावला जिल्हा संघाची निवड, तीही मॅटवर. आणि ती आजवर मातीतच खेळलेली. समाजमंदिराच्या दारापुढं तिच्या येरझाऱ्या थांबेनात.

"आबा, पाय न लावता कबड्डी कशी खेळू? तिथं घसरली तं मले घरी पाठवतीन."

"लक्ष्मी हाय ते, माय. लक्ष्मीवर नाचतं का?"

"मंग पैलवान आखाड्यातल्या माती मायवर काऊन नाचते?"

उकंडराव स्वतः जुने पैलवान. त्यांनी नुसता फेटा सारखा केला. तेवढ्यात आखाड्यात उतरावं तशी रुपाली वाकली, मॅटला शिवलेला हात कपाळाला लावला आणि आत शिरली. मागोमाग साऱ्या पोरी शिरल्या. 'कबड्डी, कबड्डी'चा दम घुमू लागला.

उकंडराव दारातच घुटमळले. मग हळूच म्हणाले, "पोरीहो, झालं की गुंडाळून देसान का? पुतणीच्या लग्नात पंगतीले सतरंज्या कमी पडून राह्यल्या."