दारामागची रेघ

फाइलमध्ये एक हजार चारशे चाळीस आकडे होते आणि प्रत्येक आकडा ०.४१८२ होता.

पुलाच्या तिसऱ्या खांबातली भेग, मिलिमीटरमध्ये, दर मिनिटाला एकदा तिच्या प्रोग्रामनं नोंदलेली, काल दुपारपासून आज दुपारपर्यंत. आणि तिच्यासमोर मापकाच्या पडद्यावर शेवटचा अंक आत्ताही थरथरत होता...

"भेग हलली नाही, याचंही तुम्हाला वाईट वाटतं?" अभियंता दारातून म्हणाला. "दोनला पूल उघडायचाय, बाई. सही करा नि जेवायला चला."

"साहेब, इतकं निश्चल प्रेतही नसतं. ऊन खाल्लेलं काँक्रीट फुगतं, गारठ्यात आकसतं."

"तुमच्या शंका म्हणजे मारुतीचं शेपूट!" तो हसत गेला.

सही केली, आणि भेग खरोखरच रुंदावत असली, तर दोन वाजून पाच मिनिटांनी तिच्यावरून पहिली बस जाणार होती. तिनं पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. सगळे आकडे सारखे — हे आपण कुठंतरी पाहिलं आहे — आत्याच्या वहीत! दर वाढदिवसाला आत्या तिला दाराला टेकवून उभी करी, डोक्यापाशी पेन्सिलीनं रेघ मारी. घरमालक कटकट्या, म्हणून आधीची रेघ पुसून. वहीत तारीख आणि पुढे, 'उंची : दारामागच्या रेघेइतकी'. घर सोडताना आत्यानं टेप लावला, उरलेली एकुलती रेघ मोजली आणि बाराही तारखांपुढे तोच आकडा लिहिला.

"म्हणजे पहिल्या वाढदिवसालाच मी चार फूट आठ इंच होते?"

"अगं, रेघ तर तीच होती ना!"

तीच रेघ... प्रोग्रामच्या यादीत मी काय ठेवत होते? माप नव्हे — पॉइंटर. संगणकाच्या स्मृतीतल्या त्या एका जागेचा पत्ता, जिथं दर मिनिटाला नवं माप जुन्याला पुसून बसत होतं. तिनं एक ओळ बदलली. पत्ता नको, आकडाच उचल. तीन मिनिटं ती श्वास मोजत बसली. फाइल उघडली : ०.४१९०, ०.४१९३, ०.४१९१. ती मोठ्यानं हसली.

"झाली का सही?" अभियंता पुन्हा दारात आला होता.

"नाही. आणखी चोवीस तास."

"अहो, मंडप घातलाय!"

"मंडपाला भेग नाही ना? मग राहू द्या."

भेग रुंदावते आहे की नुसतं ऊन चढतं आहे, हे अजून ठाऊक नव्हतं. आणि ठाऊक नसण्याचा इतका आनंद तिला कित्येक वर्षांत झाला नव्हता. तिनं कागद ओढला.

'कारण : यादीत मापांऐवजी एकाच जागेचा पत्ता १,४४० वेळा ठेवला. फाइल शेवटी लिहिली गेली, तेव्हा त्या जागी फक्त शेवटचं माप होतं. भेगेच्या हालचालीविषयी कालपासून काहीही कळलेलं नाही. चूक माझी.'

खाली तिनं सही केली.