नेसोचं बारसं

कालिम्नोस बेटावर थेमेलिनाच्या घराण्यात पहिल्या नातीला बापाच्या आईचं नाव द्यायचं, यात विचारायचं काय असतं? त्यामुळे अथेन्सहून आलेल्या सुनेने, आरिआदनीने, मुलीचं नाव ‘नेसो’ ठेवायचं म्हटलं, तेव्हा थेमेलिनाने कॉफीचं भांडं ओट्यावर आपटलं.

"जुन्या गोष्टींतल्या समुद्रपरीचं नाव? माझ्या घरात?"

"आई, नेपच्यूनच्या एका चंद्राचंही नाव आहे ते. वेधशाळेत तीन वर्षं मी त्याच्यावरच काम केलंय. इतका लांबचा, की एका फेरीला सव्वीस-सत्तावीस वर्षं लागतात."

"म्हणजे घरी पाय टिकत नाही असली. वा!"

मुलगा मिकेस कपात तोंड घालून बसून राहिला. आई आणि बायको यांच्या मधे पडायला तो काही खुळा नव्हता.

थेमेलिनाने धाकट्या बहिणीला गाठलं. सेवास्ती मुलीची धर्ममाता होणार होती, आणि बाप्तिस्म्याच्या कुंडात बाळाला बुडवताना धर्ममाता जे नाव उच्चारेल तेच कायम.

"माझं नाव घ्यायचं. बाकी मी बघते."

"ताई, पोरीची आई मला फाडून खाईल!"

"ती आत नसेलच."

नाव उच्चारेपर्यंत आईने चर्चबाहेर थांबायचं, ही जुनी रीत. हल्ली ती कुणी पाळत नाही. पण "एवढं तरी माझं ऐक," असं सासूने म्हटल्यावर आरिआदनी बिचारी तयार झाली.

रविवारी ती बाहेर उन्हात उभी राहिली, मिठाईची परडी घेऊन. नाव ऐकताच पोरं धावत येऊन आईला सांगणार आणि मिठाई उकळणार. उघड्या दारातून थेमेलिनाला ती दिसत होती.

चौतीस वर्षांपूर्वी थेमेलिना तिथेच उभी होती. नवऱ्याशी बोलून नाव ठरलं होतं. पोरं मात्र ओरडत आली, "मिकेस! मिकेस!" सासूने धर्मपित्याला आधीच फितवलं होतं. थेमेलिनाने हसत मिठाई वाटली. पुढे वर्षभर ती मुलाला नुसतं ‘बाळ’ म्हणायची, आणि कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

"नाव?" पाद्रीबाबांनी विचारलं.

"थे..."

थेमेलिनाने बहिणीचा दंड धरला. "नेसो म्हण."

"आँ?"

"नेसो! बहिरी झालीस का?"

"या नावाची संत नाही," पाद्रीबाबा कुरकुरले.

"मग मागे मारिया लावा आणि उरका. पोर गारठलीय."

पोरं सुसाट बाहेर पळाली. थेमेलिनाही दुखरे गुडघे घेऊन मागोमाग गेली. आरिआदनीने नाव दोनदा वदवून घेतलं, मग परडीच पोरांच्या हवाली करून ती सासूकडे धावली.

"आई, रडताय? तुमचं नाव नाही ठेवलं म्हणून?"

थेमेलिनाने नकारार्थी मान हलवली. चौतीस वर्षांत ती हे कुणाजवळही बोलली नव्हती.

"मिकेसचं नाव मी आंगेलोस ठेवणार होते," ती म्हणाली.